निजणे आणि निजविणे

जी कामे मनुष्य कोणी न शिकविता करू शकतो असे सर्वत्र समजले जाते, त्यांत झोपेचा क्रमांक पहिला लागावा. चालावयास कोणाचे तरी बोट लागते, बोलावयास कोणाचा तरी शब्द कानी पडावा लागतो, आणि जेवणाचा पहिला घास तर समारंभपूर्वक भरविला जातो. झोपेस मात्र उष्टावणासारखा विधी नाही, की मुहूर्त नाही. तथापि आमची मराठी भाषा या बाबतीत पुष्कळच जाणती आहे. तिने एकाच धातूपासून दोन क्रियापदे काढून ठेविली आहेत: 'निजणे' आणि 'निजविणे'. मोठे माणूस निजते. मूल निजत नाही, त्यास निजवितात. व्याकरणाच्या पुस्तकात या दुसऱ्या रूपास प्रयोजक क्रियापद म्हणतात, आणि त्याचा कर्ता निराळा, कर्म निराळे, एवढे सांगून पुस्तक पुढे जाते. आमच्या घरी मात्र गेले काही महिने या एका प्रयोजक क्रियापदाचे साधे क्रियापद करण्याचा उद्योग चालला होता. त्याची हकीगत वाचकांपुढे ठेवावयाची ती एवढ्याचसाठी की, जे काम वरवर पाहता पाच महिन्यांच्या मुलीचे होते, ते वस्तुतः घरातील चार मोठ्या माणसांचे निघाले.

प्रसंग असा. आमच्या नातीचा जन्म झाला तेव्हा सूनबाईंना नोकरीत सव्वीस आठवड्यांची प्रसूतीची रजा होती. ही रजा पूर्वी बारा आठवड्यांची असे. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ती पहिल्या दोन अपत्यांपुरती सव्वीस आठवड्यांची झाली. सव्वीस हा आकडा कानास मोठा लागतो. परंतु त्यांतील दोन आठवडे बाळंतपणापूर्वीच खर्ची पडले, सहा-सात शेक-शेगडीत आणि जागरणात विरघळले, आणि उरलेले कोठे गेले ते भिंतीवरच्या कालनिर्णयासच ठाऊक. मूल साडेचार महिन्यांचे झाले, रजेचे शेवटले टोक दिसू लागले, आणि घरात प्रश्न उभा राहिला तो हा की, सूनबाई कामावर जाऊ लागल्यावर दिवसा हिला निजविणार कोण? रात्रीचे फारसे अवघड नव्हते. आईच्या खाटेशेजारी ती रात्री बऱ्यापैकी निजे. दिवसाची झोप मात्र खांद्यावर लागे, खांद्यावरच टिके, आणि खांदा अंथरुणाकडे वाकला की त्याच क्षणी संपे. हा खांदा आमच्या कुटुंबाचा. यापुढे आम्ही त्यांस आजीबाई म्हणू. कारण नात झाल्यापासून घरात त्यांची दुसरी कोणतीही पदवी शिल्लक राहिलेली नाही. तो खांदा दोन वर्षांपासून दुखरा आहे, हात डोक्यावर नेऊन वेणी घालणेही त्यांस जड जाते, आणि मूल तर सात किलोंच्या घरात आले होते.

पाळणाघराचा विचार झाला नाही असे नाही. सूनबाईंच्या कचेरीत तशी सोय आहे, पण वर्षाच्या आतील मूल तेथे घेत नाहीत. शिवाय पाळणाघर हे नाव कितीही गोड असले तरी तेथे पाळणा सहसा नसतो, हे आम्ही दोन-तीन ठिकाणी जाऊन पाहून आलो. असतात त्या गाद्या, एका रांगेत. दोन बायांनी आठ मुले सांभाळावयाची म्हटल्यावर एकास तासभर झुलविणे कोणास साधणार? म्हणजे तेथे गेले तरी, घरी राहिले तरी, मुलीस आपली आपण निजता आले पाहिजे, हा मुद्दा सुटत नव्हता.

चिरंजीवांनी हा मुद्दा मांडला तेव्हा आजीबाई तांदूळ निवडीत होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारिले, "तुम्हा दोघा भावंडांना कोणी झोपायला शिकवलं होतं रे?"

"आई, तेव्हा घरात आठ माणसं होती," चिरंजीव म्हणाले.

सूनबाईंनी सावरून घेतले. "आई, तुम्ही थोपटू नका असं आम्ही म्हणतच नाही. फक्त तिला झोप लागायच्या जरा आधी हात काढून घ्या."

"हात काढूनच घ्यायचा, तर मग थोपटायचं तरी कशाला?"

या प्रश्नास त्या वेळी कोणी उत्तर दिले नाही. आमच्या मते त्यास चटकन देण्याजोगे उत्तर नाहीच. कारण आपल्याकडे मुलाची झोप ही मुलाची एकट्याची मिळकत कधी नव्हती. बारशाच्या दिवशी दोन बायका मुलास पाळण्याच्या वरून आणि खालून एकमेकींच्या हाती देतात, तेव्हाच ते पाळण्याच्या आणि पाळणा हलविणाऱ्यांच्या स्वाधीन होते. 'पाळणा' म्हणजे आपल्या भाषेत लाकडी वस्तूही आणि गाणेही; इतर सामानाच्या वाट्यास हे भाग्य आलेले नाही. रामनवमीस भर दुपारी बारा वाजता रामाचा पाळणा म्हणतात आणि दोरी ओढण्यासाठी बायकांची दाटी होते. दिवसाढवळ्या निजविले जाण्याची सवय आम्ही देवासही लाविलेली आहे! ज्या घरात देव स्वतः होऊन निजत नाही, त्या घरात पाच महिन्यांच्या पोरीने निजावे, ही अपेक्षा आजीबाईंस चमत्कारिक वाटली तर त्यात नवल नाही.

आमच्या घरचा पाळणा सागवानी आहे. चार कड्या, चार साखळ्या, आणि कठड्यावर पोपट. त्यात आम्ही निजलो, चिरंजीव निजले, आणि मधल्या काळात त्यात कित्येक वर्षे जुनी मासिके निजली. रिकामा पाळणा हलवू नये असा आपल्याकडे दंडक आहे. लहानपणी तो हलविल्याबद्दल आम्ही धपाटा खाल्लेला आहे. आता नवा दंडक असा निघाला की, भरला पाळणाही हलवू नये. चिरंजीवांनी साखळ्या दोन्ही बाजूंनी भिंतीस बांधून टाकिल्या. आजीबाई त्या बांधलेल्या पाळण्याकडे, दावणीस बांधलेल्या पाखराकडे पाहावे तशा पाहत राहिल्या.

पुढे पाळण्यातील बिछाना निघाला. जुन्या लुगड्यांची चार पदरी दुपटी, डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी, दोन बाजूंस दोन लोड, हे सर्व आजीबाईंनी मूल पोटात असतानाच शिवून ठेविले होते. बालरोगतज्ज्ञांनी त्यांतील एकही वस्तू आत राहू दिली नाही. घट्ट सपाट गादी, तिच्यावर ताणून बसविलेली चादर, आणि मूल उताणे; बस्स. यात मात्र वादास जागा नव्हती. अमेरिकेत १९९४ साली 'मुलास पाठीवर निजवा' अशी मोहीम सुरू झाली. झोपेत अकस्मात दगावणाऱ्या तान्ह्या मुलांचे प्रमाण त्यानंतरच्या वर्षांत तेथे निम्म्याहून खाली आले. उशी, लोड, मऊ पांघरूण ही तोंडावर येऊन श्वास कोंडतो, आणि तान्ह्यास ती बाजूस सारता येत नाहीत, असे साधे कारण आहे. कापडी झोळीतही मूल दुमडून त्याची हनुवटी छातीस टेकण्याचा धोका असतो. आजीबाईंनी उशी मुकाट्याने काढिली. दुपटी मात्र टाकू दिली नाहीत. ती आता जमिनीवर पसरलेली असतात, आणि मूल जागे असताना त्यांवर पालथे पडून मान उचलण्याचा अभ्यास करिते.

दिवसाची झोप रात्रीच्या झोपेहून शिकविण्यास कठीण का, हे समजून घेतल्यावाचून आमच्यासारख्या माणसास पुढे जाता येईना. स्वित्झर्लंडातील अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञांनी १९८२ साली झोपेची एक उपपत्ती मांडिली. तिच्याप्रमाणे झोप ही दोन धन्यांची चाकर आहे. एक धनी म्हणजे जागेपणी क्षणाक्षणाने साठत जाणारा झोपेचा तगादा. दुसरा म्हणजे मेंदूतील घड्याळ, जे उजेड-अंधारावर चालते. रात्री दोघेही एकदम हाक मारितात, म्हणून चाकर धावत येते. दिवसा घड्याळ जागे राहण्याचा हुकूम सोडीत असते आणि एकटा तगादाच काय तो झोपेच्या बाजूने उभा असतो. त्यात तान्ह्याचे घड्याळ जन्मतः चालूच नसते. साधारण तिसऱ्या महिन्याच्या सुमारास त्याचे काटे फिरू लागतात. तगादा मात्र त्याच्या अंगी फार वेगाने साठतो. पाच महिन्यांचे मूल दोन तासांच्या आसपास जागले की पुरे. त्याआधी निजवू जावे तर ते खेळावयास लागते. पुष्कळ उशीर करावा तर इतके शिणते की शीणच त्यास निजू देत नाही. मधली फट दहा-पंधरा मिनिटांची. नजर कोठे तरी खिळते, खेळणे हातातून गळते, मूठ डोळ्याकडे किंवा कानाकडे जाते. ही फट ओळखण्याच्या कामी आजीबाईंच्या तोडीचा माणूस घरात नव्हता. चिरंजीवांनी भ्रमणध्वनीत वेळा नोंदविण्याची व्यवस्था केली होती, पण घंटा वाजण्यापूर्वीच आजीबाई स्वयंपाकघरातून म्हणत, "तिची झापड आली बघा." आणि ती आलेली असे.

दुसरी गोष्ट खांद्याची. मोठ्या माणसाच्या झोपेचे एक आवर्तन सुमारे दीड तासाचे, तान्ह्याचे पाऊण ते एक तासाचे. प्रत्येक आवर्तनाच्या सांध्यावर झोप पातळ होते, डोळा किंचित उघडतो, आणि सर्व काही जागच्या जागी आहे असे दिसले की पुन्हा लागतो. आपण मोठी माणसेही रात्रीतून कितीदा तरी अशी जागी होतो, आणि सकाळी त्याची आठवण राहत नाही. आता कल्पना करा की, तुम्ही रात्रीच्या गाडीत आपल्या फळीवर चादर ओढून निजलात, आणि डोळा उघडून पाहता तो मनमाडच्या फलाटावर बाकावर! गाडी नाही, चादर नाही, वहाणा नाहीत. तुम्ही कूस बदलून पुन्हा निजाल काय? स्टेशनमास्तरास हाका माराल. मूल आजीच्या खांद्यावर निजते आणि अर्ध्या-पाऊण तासाने सपाट गादीवर जागे होते, तेव्हा ते याहून निराळे काही करीत नाही. ज्या जागी डोळा उघडावयाचा, त्याच जागी तो मिटलेला असावा. सगळ्या शिकवणीचे मर्म एवढेच. आणि सूनबाईंचे 'जरा आधी' ते हेच.

ही शिकवण द्यावी कशी, याविषयी पाश्चात्त्यांनी सव्वाशे वर्षे वाद घातला आहे. न्यूयॉर्कचे डॉक्टर एमेट होल्ट यांनी १८९४ साली मातांसाठी प्रश्नोत्तररूपाने एक लहान पुस्तक लिहिले. त्यात मूल झुलविण्याची चाल अनावश्यक ठरविली. १९२८ साली जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञांनी त्याच्या पुढचा मजला चढविला. मुलास मांडीवर घेऊ नका, कवटाळू नका, सकाळी त्याच्याशी हस्तांदोलन करा, असा त्यांचा उपदेश आहे. तान्ह्या मुलाशी हस्तांदोलन करणारा बाप आम्ही पुष्कळ वेळ डोळ्यांसमोर आणून पाहिला, येईना. १९८५ साली रिचर्ड फर्बर यांनी मूल रडत असता थोड्या थोड्या वाढत्या अंतराने जाऊन धीर द्यावा, पण उचलू नये, अशी मध्यम रीत घालून दिली, आणि तीही कित्येकांस निर्दय वाटली. ऑस्ट्रेलियात मात्र अशाच सौम्य रीतींची पुढे चिकाटीने पाहणी झाली. सात महिन्यांच्या ३२६ मुलांपासून तिचा आरंभ झाला, आणि त्यांतील जी मुले सहाव्या वर्षी पुन्हा तपासता आली, त्यांत शिकविलेल्या आणि न शिकविलेल्या मुलांत काहीच फरक आढळला नाही, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले. अपायही नाही आणि कायमचा फायदाही नाही. आम्हांस हा निकाल फार आवडला, कारण त्याने दोन्ही पक्षांचा आवाज एकदमच खाली आणला.

पण होल्ट-वॉटसनांस हसण्यापूर्वी, मुलास निजविणारा हातच जेथे मोकळा नव्हता तेथे काय होत असे, हेही पाहिले पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बाया तान्ह्या पोरांस अफूची 'बाळागोळी' देऊन कामावर जात. मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाच्या १९३१ सालच्या अहवालापर्यंत ही गोष्ट पोहोचलेली आहे. विलायतेत तेच काम 'गॉडफ्रीज कॉर्डियल' नावाच्या अफूमिश्रित औषधाने केले, आणि अमेरिकेत १८४९ पासून विकल्या गेलेल्या 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप'ने. त्यात मॉर्फीन असे. मूल निजे; कधी कधी उठत नसे. त्या आयांस दोष देण्याचा अधिकार कोणास आहे? दहा तास यंत्रापुढे उभे राहावयाचे, घरी पोर बघावयास धड माणूस नाही. मुलाची दिवसाची झोप ही आईच्या मजुरीच्या वेळेतून कापून घ्यावी लागते. आमच्या सूनबाई गिरणीत जात नाहीत, वातानुकूलित कचेरीत जातात. परंतु हिशेब त्याच वहीतला आहे.

आमच्या घरी ठरले ते असे. दिवसातील तीन झोपांपैकी फक्त सकाळची पहिली झोप पाळण्यात व्हावयाची. तीच सर्वांत सोपी, कारण तेव्हा रात्रीची गुंगी अजून उतरलेली नसते. उरलेल्या दोन वाटेल तेथे होवोत, मांडीवर, खांद्यावर, बाबागाडीत. पहिल्या झोपेपूर्वी क्रम ठरलेला: लंगोट बदलावयाचा, खिडकीचा पडदा ओढावयाचा, एकच गाणे म्हणावयाचे, आणि डोळे जड झालेले पण मिटलेले नाहीत अशा स्थितीत पाळण्यात ठेवावयाचे. छातीवर हात. मग हात हलका. मग हात नाही. रडे वाढले तर उचलावयाचे. पंधरा मिनिटांत जमले नाही तर त्या दिवसापुरता नाद सोडून खांद्यावर घ्यावयाचे. ही शेवटली अट आजीबाईंनी घालून घेतली, आणि आमच्या मते सर्व योजनेतील शहाणपणाचे कलम तेच होते.

पहिले चार दिवस पंधरा मिनिटे पुरली नाहीत. पाचव्या दिवशी पुरली, आणि नेमक्या सोळाव्या मिनिटास वरच्या मजल्यावर भिंतीस भोक पाडण्याचे यंत्र सुरू झाले. पुण्यात एक ते चार या वेळेस जे पावित्र्य आहे, ते सकाळी साडेनवास नाही. भंगारवाला, कुकरची शिट्टी, दाराची घंटा, यांस आम्ही कधी काळी आवाज म्हणून ओळखतही नव्हतो. घंटेवर आम्ही चिठ्ठी चिकटविली: 'कृपया कडी वाजवावी.' लोक चिठ्ठी वाचीत, आणि खात्री करण्याकरिता घंटा वाजवीत.

त्यातच बाळास पाहावयास येणारी मंडळी. आषाढीस पंढरपुरात विठोबाचा पलंग काढितात. यात्रेस दर्शन मिळावे म्हणून देव रात्रंदिवस उभा राहतो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शीण जावा म्हणून त्यास काढा देतात, आणि मग पलंग परत येतो. आमच्याकडे एका रविवारी तीन कुटुंबे एकापाठोपाठ आली, आणि मुलीचा पलंग सकाळपासून संध्याकाळपर्यंत निघालेला राहिला. त्या रात्री तिने घरास जे ऐकविले त्यानंतर प्रक्षाळपूजेची कल्पना ज्याने काढिली तो मुलाबाळांचा धनी असला पाहिजे, याविषयी आम्हांस शंका उरली नाही. दुसऱ्या दिवसापासून पाहुण्यांस वेळ देऊन बोलाविण्याचे काम आम्ही पत्करिले. काही नातलग अद्याप आमच्यावर रुष्ट आहेत.

इतके होत असता आमच्या मनात एक आगंतुक प्रश्न येऊन गेला: आम्ही स्वतः तरी आपले आपण निजतो काय? जेवणानंतर आमची वामकुक्षी होते, ती वर्तमानपत्र तोंडावर असल्याशिवाय होत नाही. पंख्याचा खडखडाट पाहिजे. मध्यंतरी तो दुरुस्त झाला तर आठवडाभर डोळा लागला नाही. उशी तीच, कूस तीच. साठी उलटलेल्या गृहस्थाने वर्तमानपत्र आणि पंखा यांच्या थोपटण्यावर निजावे, आणि साडेचार महिन्यांच्या मुलीकडून मात्र स्वावलंबनाची अपेक्षा करावी! हे आम्ही बोलून दाखविले तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "पण बाबा, तुमचा पेपर तुम्ही स्वतःच तोंडावर घेता. तिला तिचा पेपर मिळेपर्यंत थांबायचंय आपल्याला." तो तिला मिळालाही. दुसऱ्या आठवड्यात केव्हा तरी उजव्या हाताची दोन बोटे तोंडात आणि डावा हात पाळण्याच्या कठड्यावर, अशी तिची बैठक ठरली. ती तशी पडली की आम्ही समजावे, आता आपले येथे काही काम नाही.

हे वाक्य लिहिणे सोपे आहे; आजीबाईंस ते ऐकणे सोपे गेले नाही. एके दिवशी सकाळी मूल पहिल्यांदाच छातीवर हात न ठेविता निजले, तेव्हा सूनबाईंनी आनंदाने चिरंजीवांस खुणेने बोलाविले. आजीबाई पाळण्याशेजारच्या खुर्चीवर होत्या. त्या पुष्कळ वेळ उठल्या नाहीत. मग आमच्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, आता मी काय करू?" त्यांचा दुखरा खांदा मोकळा झाला होता, आणि तो मोकळा झाल्याचेच त्यांस दुःख होते. आम्हांस वाटते, मूल एकटे निजविण्याविरुद्ध आपल्या घरांतून जो विरोध होतो, त्याच्या मुळाशी पुष्कळदा हीच गोष्ट असते. म्हातारपणी घरातील एकेक काम हातून सुटत जाते. स्वयंपाक सुटतो, हिशेब सुटतो, बाजार सुटतो. तान्हे मूल घरात येते आणि पुन्हा एकदा असे एक काम हाती येते की जे दुसऱ्या कोणासच तितके साधत नाही. तेच काम 'जरा आधी' सोडावयास सांगणे म्हणजे काय, हे सांगणाऱ्याच्या वयास कळावयाचे नाही.

'एकटी निजणे' आणि 'आपली आपण निजणे' यांत अंतर आहे, आणि त्या अंतराच्या आधारानेच आमच्या घरात तह झाला. विलायती पुस्तकांत मुलाची खोली निराळी असते. पण पहिले सहा महिने तरी मूल आईबापांच्याच खोलीत निजावे, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संस्थाही सांगते. मग दिवसाच तेवढे मूल खोलीत एकटे कशाला असावे? आजीबाईंनी आपली खुर्ची पाळण्यापासून चार हात दूर, खिडकीशी नेली, आणि तेथे बसून त्या कपड्यांच्या घड्या घालू लागल्या. मूल निजावयास गेले की त्या गुणगुणत. थोपटीत नसत, पाहतही नसत, नुसत्या असत. पहिल्या झोपेप्रमाणे दुसरीही यथावकाश पाळण्यात होऊ लागली. तिसरी, संध्याकाळची, आजीच्या मांडीवरच राहिली, आणि ती तेथून हलविण्याचे कोणी मनातही आणिले नाही. मांडीस खांद्याइतके दुखत नाही.

सूनबाई कामावर गेल्या तो सोमवार होता. पहिली झोप पस्तीस मिनिटांनी तुटली. आम्ही दाराआड उभे होतो. आतून आवाज आला. पण तो रडण्याचा नव्हता. मुलगी कठड्यावरच्या लाकडी पोपटाशी काही बोलत होती. आजीबाईंचा हात दुपट्याच्या घडीवर थांबला. त्या अर्ध्या उठल्या, आणि पुन्हा बसल्या. तीन-चार मिनिटे संभाषण चालले, मग ते विरळ झाले, मग दोन बोटे तोंडात गेली. पुढची झोप पन्नास मिनिटे झाली. चिरंजीवांनी मागाहून पाहिले तेव्हा भ्रमणध्वनीवर सूनबाईंचे अकरा संदेश आलेले होते, आणि सर्वांत प्रश्न एकच होता. उत्तर आजीबाईंनी स्वतः सांगून लिहविले: "निजली."

आता ती आठव्या महिन्यात आहे. तिसरी झोप आपोआप गळू लागली असून आजीबाईंच्या मांडीस आठवड्यातून दोन-तीन दिवसच काम मिळते. मुलगी कठडा धरून उठून बसावयास शिकली आहे, तेव्हा टांगलेल्या पाळण्यात तिला ठेवणे यापुढे धोक्याचे. जमिनीवर उभी राहणारी, उंच कठड्याची खाट आणावयाची ठरली असून सुतार येत्या बुधवारी माप घेण्यास येणार आहे. साखळ्यांच्या गाठी काल सोडविल्या. पाळणा माळ्यावर नेण्यापूर्वी पोपटाचा उडालेला रंग पुन्हा द्यावा, असे आजीबाईंचे म्हणणे आहे. हिरवा कोणता, यावर अद्याप घरात एकमत झालेले नाही.